पावसाची जोखीम आणि गोंदियाचे भांडवल

महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमेवर वसलेला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. ज्या अर्थव्यवस्थेवर तो उभा आहे तिचे वय मात्र कितीतरी जास्त आहे. वर्षाला सरासरीने बाराशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या प्रदेशाला अवर्षणाची भीती ती काय असणार, असे मराठवाड्यातील किंवा सोलापूरकडील वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु येथील मुख्य पीक धान आहे, आणि धानाला पावसाच्या बेरजेपेक्षा त्याच्या वेळा अधिक महत्त्वाच्या असतात. जुलैत रोवणीसाठी बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या खाचरांमध्ये, पाणी साचले पाहिजे, आणि सप्टेंबरच्या अखेरीस, म्हणजे हस्त नक्षत्राच्या सुमारास, उशिरा पिकणारे भारी धान निसवण्याच्या बेतात असताना त्याला आणखी एकदोन पाणी मिळाले पाहिजे. हे शेवटचे पाणी हुकले, तर आधी पडलेल्या हजार मिलिमीटरांतून शेतकऱ्याच्या हाती तणसच तेवढी उरते.

आजच्या कंपनी-वित्ताच्या परिभाषेत हवामानाच्या जोखमीचे दोन भाग केले जातात. पूर, अवर्षण, उष्णतेची लाट किंवा अवकाळी पाऊस यांमुळे मालमत्तेचे, कच्च्या मालाचे व उत्पादनाचे जे प्रत्यक्ष नुकसान संभवते ती भौतिक जोखीम. आणि हवामानबदल आवरण्यासाठी सरकारे जे कायदे, कर व निर्बंध आणतात त्यांमुळे एखादा धंदाच तोट्यात जाण्याची जी शक्यता निर्माण होते ती संक्रमण जोखीम. जी-२० राष्ट्रांच्या वित्तीय स्थैर्य मंडळाने नेमलेल्या कृतिगटाचा अहवाल २०१७ साली आला आणि त्यानंतर ही विभागणी जगभर रूढ झाली. गोंदियाच्या मालगुजाराला, म्हणजे इंग्रजी अमलातील गावमालकाला, गिरणीमालकाला किंवा तेंदूपानाच्या ठेकेदाराला असली परिभाषा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी पैसा कशात घालावा, कशात घालू नये, आणि पाऊस चुकला तर तोटा कोणाच्या नावे पडावा, हे प्रश्न त्यांनी आपापल्या काळात सोडवलेच होते. त्यांची उत्तरे एकमेकांपासून फार वेगळी आहेत, आणि ती वेगळी का झाली याचे कारण पावसात कमी, जमीनधारणेच्या व कराराच्या कायद्यांत अधिक सापडते.

यांपैकी सर्वांत जुने आणि सर्वांत खर्चिक उत्तर म्हणजे तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात तलाव बांधण्याचे कसब प्रामुख्याने कोहळी समाजाकडे होते. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी काशीकडून कोहळ्यांना आणले, आणि जो जंगल तोडून गाव वसवील व तलाव बांधील त्याला त्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन देण्याचे वचन दिले, अशी परंपरा सांगितली जाते. या कथेतील काशीचा भाग खरा असो वा नसो, तिच्यात सांगितलेली अट आर्थिकदृष्ट्या चोख आहे, कारण मोबदला तलावाच्या आकारावर न ठरता त्याच्या प्रत्यक्ष उपयोगावर ठरत असे. मोठी पाळ बांधली पण पाणी शेतापर्यंत पोचले नाही, तर बांधणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नसे. आजच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांध हा या परंपरेतील सर्वांत नामांकित जलाशय असून तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानतात. सात बहिणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डोंगरांच्या कुशीत, दोन टेकड्यांमधील खिंड मातीच्या पाळीने बंद करून पाणी अडवण्याची जी युक्ती येथे दिसते, तिच्यात कमीत कमी मातीकामात जास्तीत जास्त साठा मिळवण्याचा हिशेब आहे.

तलावाची रचना जवळून पाहिली म्हणजे हा हिशेब आणखी स्पष्ट होतो. पाळीच्या पोटातून पाणी बाहेर सोडण्याची जी दगडी किंवा लाकडी मोरी असते तिला या भागात तुडूम म्हणतात. तुडुमाला एकाखाली एक अशी भोके असत व ती लाकडी खुंट्यांनी बुजवलेली असत; पाण्याची पातळी जसजशी उतरे तसतसा खालचा खुंटा काढला जाई आणि पाणी पाटाने बांध्यांकडे निघे. जादा पाण्याला पाळ न फोडता बाजूने वाट मिळावी म्हणून एका कडेला सांडवा ठेवलेला असे. एका तलावाचे सांडव्यावरून गेलेले पाणी खालच्या तलावात, आणि त्याचे त्याच्याही खालच्या तलावात, अशी साखळी कित्येक गावांच्या शिवारांतून गेलेली दिसते. शिवाय वैयक्तिक शेतात बोडी, म्हणजे लहानसे शेततळे, असेच. या सर्व व्यवस्थेचा हेतू बारमाही ओलित हा नव्हता. हस्ताचा पाऊस हुकला तर ती एकदोन पाणी आपल्या हाताने देता यावीत, एवढ्यासाठी वर्षभर पाणी राखले जाई. विम्याच्या भाषेत बोलायचे तर तलाव बांधण्याचा खर्च हा एकरकमी भरलेला हप्ता होता. हलके धान उंचवट्यावर, पावसाच्या भरवशावर, आणि भारी धान तलावाखालच्या खोलगट बांध्यांत, अशी पिकांची वाटणीही त्याच हिशेबाने होत असे. कोहळ्यांची ख्याती ज्या उसासाठी होती तो ऊसही तलावाच्याच पाण्यावर उभा राही.

नागपूरचे भोसले राज्य १८५४ साली खालसा झाले आणि १८६१ साली मध्य प्रांताची स्थापना झाली, त्यानंतर इंग्रज सरकारने गावचा वसूल गोळा करणाऱ्या पाटलांना व ठेकेदारांना त्या गावांचे मालकी हक्क दिले, हेच मालगुजार. सरकारी सारा दीर्घ मुदतीसाठी ठरवून दिलेला असल्याने त्या मुदतीत गावाचे उत्पन्न वाढले तर वाढीचा मोठा हिस्सा मालगुजाराकडे राही. गावातील उत्तम जमीन त्याची स्वतःची असे, तिला सीर म्हणत, आणि ती बहुधा तलावाच्या अगदी खालीच असे. याचा परिणाम असा की पाळ फुटली किंवा तुडूम गळू लागले, तर पहिला फटका ज्याच्या हाती दुरुस्तीचा निर्णय होता त्यालाच बसे. पाणी कोणाला कधी मिळेल, दुरुस्तीला कोणी किती राबायचे, कोणत्या जमिनीला पाण्याचा हक्क आहे, यासंबंधीच्या गावच्या रीती वाजिब-उल-अर्ज नावाच्या दप्तरात नोंदवल्या जात. मालगुजारी पद्धतीचे गोडवे गाण्याचे येथे प्रयोजन नाही. वेठ, बेदखली आणि सावकारी या तिच्या बाजू पुरेशा परिचित आहेत, आणि ज्यांच्या घामाने पाळी उभ्या राहिल्या त्या ढिवर, गोंड व महार कुटुंबांच्या वाट्याला तलावाखालची जमीन क्वचितच आली. तथापि जोखीम आणि निर्णय एकाच माणसाकडे असणे ही या व्यवस्थेची आर्थिक शक्ती होती, हे मान्य करावे लागते.

या शक्तीची मर्यादा १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांत उघडी पडली. १८९६ साली पावसाने सप्टेंबरच्या आधीच पाठ फिरवली, म्हणजे धानाला जेव्हा तो हवा होता नेमका तेव्हा तो नव्हता. तीन वर्षांनी मोसमी पाऊसच फसला आणि ज्या तलावांत मुळात पाणी भरलेच नाही ते कोणाचे रक्षण करू शकले नाहीत. एका वर्षाच्या तुटीसाठी बांधलेली व्यवस्था तीन वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन तुटींपुढे अपुरी पडते, हा धडा तेव्हाच्या सरकारने घेतला. जमीन सुधारणा कर्ज कायदा १८८३ साली आणि शेतकरी कर्ज कायदा १८८४ साली झालेला होताच; त्यांखाली दिल्या जाणाऱ्या सरकारी कर्जाला तगाई म्हणत, आणि पहिल्या कायद्याखालची तगाई विहीर, बांध, तलाव अशा टिकाऊ कामांसाठी जमिनीच्या तारणावर मिळे. पुढे सर कॉलिन स्कॉट-मॉनक्रिफ यांच्या अध्यक्षतेखालील १९०१–०३ च्या सिंचन आयोगाने संरक्षक सिंचनाची, म्हणजे नफ्यासाठी नसून दुष्काळ टाळण्यासाठी केलेल्या सिंचनाची, शिफारस केली. तिच्यानंतरच्या दोन दशकांत मध्य प्रांतात सरकारी खर्चाने मोठे तलाव उभे राहिले. तिरोडा तालुक्यातील बोदलकसा आणि चोरखमारा हे जलाशय त्याच पिढीतील आहेत. संरक्षक कामांतून मिळणाऱ्या पाणीपट्टीत त्यांचे व्याजही भरून निघणार नाही, हे गृहीत धरून त्यांना मंजुरी देण्यात येई. कारण त्यांचे मोल दुष्काळात वाचलेल्या मदतखर्चावरून काढले जाई. टाळलेले नुकसान हाच लाभ समजण्याची ही रीत पुढे हवामान-वित्तात जागतिक बँकेपासून सर्वत्र नव्याने शिकवली जाऊ लागली.

तलावांच्या इतिहासातील खरा खंड स्वातंत्र्यानंतर पडला. मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायदा १९५० साली झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपून तलाव सरकारजमा झाले. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हा कायदा आवश्यकच होता. पण तलाव घेताना सरकारने त्यांची पाळ घेतली. त्या पाळीमागची देखभालीची बांधिलकी कोणाकडे जाईल हे ठरवले नाही. १९५६ साली हा भाग द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. पुढे शंभर हेक्टरांपर्यंत सिंचनक्षमता असलेले तलाव जिल्हा परिषदेकडे व मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे अशी वाटणी झाली, आणि मालगुजारीत मोफत मिळणाऱ्या पाण्यावर पट्टी द्यावी की नाही यावरून शेतकरी आणि सरकार यांच्यात दीर्घ वाद चालला. पट्टी नाही म्हणून दुरुस्ती नाही, आणि दुरुस्ती नाही म्हणून पट्टी कशाची, असे ते चक्र होते. पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक आणि एकट्या गोंदिया जिल्ह्यात चौदाशेच्या आसपास असलेल्या या माजी मालगुजारी तलावांना आता सरकारी कागदांतही मामा तलाव असे सुटसुटीत नाव मिळाले आहे. त्यांतील पुष्कळांत गाळ साचला, काहींच्या पोटात अतिक्रमणे झाली, आणि तुडुमांच्या जागी बसवलेली लोखंडी दारे गंजून गेली.

तलाव हे भांडवल जमिनीत रुतवण्याचे उदाहरण, तर त्यानंतर आलेल्या धंद्यांनी भांडवल शक्य तितके सुटे ठेवण्याचा मार्ग धरला. त्याची सुरुवात रेल्वेने झाली. नागपूर–छत्तीसगड रेल्वे १८८० च्या दशकाच्या आरंभी या भागातून गेली, १८८७ साली ती बंगाल–नागपूर रेल्वे कंपनीकडे आली आणि मीटर गेजची ब्रॉड गेज झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उत्तरेकडे नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी अरुंद गेजची सातपुडा रेल्वे गोंदियालाच येऊन मिळाली. जंक्शन झाल्यावर गोंदिया हे धान, लाख, डिंक आणि तेंदूपान यांच्या घाऊक व्यापाराचे ठिकाण बनले. रेल्वेपूर्वी एका गावचे पीक बुडाले तर तेथे भाव चढत व शेजारचे धान तेथे येत असे. रेल्वेनंतर भाव कलकत्ता-मुंबईच्या तारेने ठरू लागले, आणि पीक बुडालेल्या गावातूनही, भाव मिळतो म्हणून, धान बाहेर जाऊ शकले. व्यापाऱ्याला यात एक मोठी सोय झाली, ती अशी की एका पट्ट्यातील अवर्षणाचा तोटा दुसऱ्या पट्ट्यातील खरेदीने भरून काढता येऊ लागला. शेतकऱ्याला अशी सोय कधीच नव्हती.

भातगिरणीचा उदय याच जंक्शनवर झाला. आरंभीच्या गिरण्यांत हुलर नावाचे साधे यंत्र असे. त्यात टरफल व कोंडा एकदमच निघत आणि कणीचे प्रमाण फार राही. पुढे रबरी रोलरचे शेलर आले आणि अखंड तांदळाचे प्रमाण वाढले. हातसडीला संरक्षण देण्यासाठी १९५८ साली भातगिरणी उद्योग नियमन कायदा आला व गिरणी काढण्यास वा वाढवण्यास परवाना लागू लागला. तो कायदा १९९७ साली रद्द झाला. गिरणीच्या वित्ताची घडण मात्र या सर्व बदलांत फारशी हलली नाही. यंत्रांत गुंतलेला पैसा बेताचा आणि मालात गुंतलेला पैसा प्रचंड, अशी ती घडण आहे. नोव्हेंबर ते जानेवारी या तीन महिन्यांत वर्षभराचे धान घेऊन ठेवावे लागते, त्यासाठी बँकेकडून कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर मर्यादेपर्यंत उचल करण्याची सवलत, घ्यावी लागते, आणि नेमके त्याच काळात अवकाळी पाऊस आला तर ओट्यावर वाळत घातलेल्या मालाबरोबर बँकेचे तारणही भिजते. म्हणूनच गोंदियातील जुन्या गिरणीदारांचा पैसा वाढीव क्षमतेपेक्षा गोदाम, ताडपत्री आणि सिमेंटचा ओटा यांत आधी जाई. बाहेरच्या माणसाला ही कंजुषी वाटली, तरी तिच्यामागे हवामानाचा पक्का अंदाज होता.

भारतीय अन्न महामंडळ १९६५ साली सुरू झाले, आधारभूत किमतीने धान खरेदी होऊ लागली, आणि हळूहळू गिरणीदाराच्या जोखमीचा एक मोठा भाग सरकारकडे सरकला. पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळ शेतकऱ्याकडून धान घेतात, गिरणीदार ते भरडून देतो आणि मजुरी घेतो, या पद्धतीला भरडाई म्हणतात. माल सरकारचा असल्याने गिरणीदाराला भावाची चिंता उरत नाही; त्याचे कॅश क्रेडिट कमी लागते, बँक हमी तेवढी द्यावी लागते. वरवर पाहता हवामान त्याच्या खात्यातून निघून गेले. प्रत्यक्षात ते एका आकड्यात जाऊन बसले. शंभर किलो धानामागे ६७ किलो तांदूळ परत करायचा, असे प्रमाण केंद्राने साध्या तांदळासाठी ठरवून दिलेले आहे, आणि तांदळात कणी किती चालेल याचीही मर्यादा असते. खरीप धान नीट वाळून, सतरा टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याने आले तर हे प्रमाण गाठता येते. उन्हाळी धानाचे तसे नाही. ते मे महिन्यात, पारा बेचाळीस अंशांच्या पुढे असताना कापले जाते, दिवसाच्या तापाने व रात्रीच्या दमटपणाने दाण्याला आत बारीक चिरा जातात, आणि यंत्रात घातल्याबरोबर तो मोडतो. वरून दाणा धडधाकट दिसत असल्यामुळे खरेदी केंद्रावर तो उत्तम म्हणून घेतला जातो आणि दोष गिरणीत उघडा पडतो. म्हणून उन्हाळी धानाच्या भरडाईवरून गिरणीदारांच्या संघटना व शासन यांच्यात जवळजवळ दर हंगामात जी ओढाताण चालते, ती ऐकायला मजुरीच्या दराची असली तरी मुळात उष्णतेच्या नुकसानीची वाटणी आहे. ती मिटेपर्यंत धान खरेदी केंद्रांच्या उघड्या आवारात ताडपत्रीखाली पडून राहते, पहिला पाऊस येतो, आणि खालच्या थप्प्यांना कोंब फुटतात.

तेंदूपान आणि विडी यांच्या धंद्यात भांडवल सुटे ठेवण्याची कला पूर्णत्वाला गेली. गुजरातेतून आलेल्या पटेल कुटुंबांनी गोंदियात विडीचे मोठे कारखाने उभारले. त्यांतील मनोहरभाई पटेल यांचे नाव पुढे शिक्षणसंस्थांमुळेही सर्वतोमुखी झाले. कारखाना हा शब्द येथे जरा फसवा आहे, कारण विड्या बव्हंशी घरोघरी वळल्या जात. कंपनी सट्टेदाराला, म्हणजे मधल्या कंत्राटदाराला, पान व तंबाखू मोजून देई, सट्टेदार ती बायकांना वाटून देई, आणि तयार विड्यांतून निकृष्ट ठरवलेल्या विड्या छाट म्हणून मजुरीतून वजा होत. यंत्र नाही, इमारत नाही, कायम कामगार नाहीत. पान महाग झाले किंवा मागणी पडली तर काम कमी वाटले की झाले. पान ओलसर किंवा डागाळलेले निघाले तर विड्या कमी भरत, आणि ती तूट वळणारीच्या माथी येई. १९६६ सालच्या विडी व सिगार कामगार कायद्याने या व्यवहारांना काही शिस्त लावण्याचा प्रयत्न केला, पण घरोघरी चालणाऱ्या कामावर त्याची अंमलबजावणी अवघडच राहिली.

पानाची जोखीम याहून थेट आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूच्या झुडपांची खुटकटाई, म्हणजे बुंध्याजवळून छाटणी, केली तर एप्रिलअखेरीस कोवळी, मऊ, विडीलायक पाने येतात. मग पंधरावीस दिवसांत गावे पहाटेपासून जंगलात असतात, पानांचे पुडे बांधून फडीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, आणतात, आणि फडीमुन्शी ते मोजून घेतो. पुडे मोकळ्या मैदानात रांगेने उन्हात मांडले जातात, उलटले जातात, नीट वाळल्यावर थोडे पाणी शिंपडून नरम केले जातात आणि मग बोद, म्हणजे मोठी पोती, भरली जातात. मैदानात मांडलेल्या पानांवर एक वादळी सर किंवा गारांचा मारा पडला की ती काळी पडतात, आणि हंगाम एवढा आखूड की दुसरी संधी नसते. १९६९ सालच्या वनोपज व्यापार नियमन कायद्याने महाराष्ट्रात हा व्यापार शासनाच्या हाती आला. तेव्हापासून जंगलाचे घटक पाडून त्यांचा लिलाव होतो आणि ठेकेदार हंगामाआधी बोली लावतो. म्हणजे मे महिन्यात आभाळ कसे असेल याचा अंदाज त्याला कितीतरी आधी रुपयांत सांगावा लागतो, आणि तो अंदाज वाईट असेल तर बोली पडते किंवा घटक विकलाच जात नाही. वनहक्क कायदा २००६ साली आला व पेसा, म्हणजे आदिवासी भागांसाठीच्या पंचायत विस्तार कायद्याच्या, क्षेत्रांत ग्रामसभांना वनोपजावर हक्क मिळाले, तेव्हापासून विदर्भातील अनेक ग्रामसभा स्वतः लिलाव करतात. रॉयल्टी गावात राहते हा त्याचा लाभ निर्विवाद आहे. बुडालेल्या हंगामाचा भारही आता गावावर येऊ शकतो, याची चर्चा कमी होते.

भांडवल पुन्हा एकदा, आणि अभूतपूर्व प्रमाणात, जमिनीत रुतले ते तिरोड्यात. अदानी समूहाने येथे उभारलेला कोळशावरील औष्णिक वीज प्रकल्प प्रत्येकी ६६० मेगावॉटच्या पाच संचांचा, म्हणजे एकूण ३३०० मेगावॉटचा आहे, आणि त्याचे संच २०१२ ते २०१४ या काळात कार्यान्वित झाले. या प्रकल्पाला संक्रमण जोखमीसारखाच एक फटका वीज तयार होण्याआधीच बसला. त्याच्यासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा येथील कोळसा खाणपट्टा देण्यात आला होता, परंतु तो ताडोबाच्या वाघांच्या क्षेत्राला लागून असल्याने पर्यावरण मंत्रालयाने तेथील खाणकाम पुढे जाऊ दिले नाही. मग कोळसा अन्यत्र शोधावा लागला, आणि वाढलेला खर्च कंपनीने सोसायचा की ग्राहकाच्या दरात घालायचा हा वाद राज्य वीज नियामक आयोगाकडून अपिलीय न्यायाधिकरणाकडे आणि तेथून सर्वोच्च न्यायालयाकडे गेला. 'कायद्यातील बदल' या करारातील कलमाखाली असे खर्च दरात घेता येतात, असे तत्त्व या व अशा खटल्यांतून प्रस्थापित झाले. पर्यावरणीय निर्णयाची किंमत अशा रीतीने वीजबिलात उतरते.

पाण्याचे तसे नाही. प्रकल्प वैनगंगेचे पाणी धापेवाडा उपसा सिंचन योजनेच्या बंधाऱ्याच्या परिसरातून घेतो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये जी मानके घालून दिली, त्यांनुसार अशा जुन्या प्रकल्पांना एका मेगावॉट-तासामागे कमाल साडेतीन घनमीटर पाणी वापरता येते; या मर्यादेने हिशेब केल्यास ३३०० मेगावॉट पूर्ण क्षमतेने चालवायला दिवसाला सुमारे पावणेतीन लाख घनमीटर पाणी लागेल. वीज खरेदी करारांत दर दोन भागांचा असतो. इंधनाचा खर्च वीज घेतली तेवढाच मिळतो, आणि कर्ज-व्याज-नफा यांचा स्थिर आकार प्रकल्प ठरलेल्या प्रमाणात उपलब्ध राहिला तरच पूर्ण मिळतो. पाण्याअभावी संच बंद पडला तर उपलब्धता घटते आणि स्थिर आकार कापला जातो. ही शक्यता काल्पनिक नाही. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राला २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटल्याने उत्पादन आवरावे लागले होते, आणि परळीचे केंद्र २०१५ साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. त्यातच २००३ च्या राज्य जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला दिलेला दुसरा क्रम २०११ साली शेतीकडे गेला, त्यामुळे टंचाईच्या वर्षी कोणाचा नळ आधी बंद होईल हेही बदलले.

करार करणाऱ्यांनी अवर्षणाचा विचार केलेला नव्हता असे नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या प्रमाणित करार-मसुद्यात दैवी आपत्तींच्या यादीत पूर, भूकंप, वादळ यांच्याबरोबर अवर्षणही आहे, आणि असाधारण हवामानाचे माप असे दिलेले आहे की ते गेल्या शंभर वर्षांच्या आकडेवारीच्या बाहेरचे असले पाहिजे. शंभर वर्षांची ही फूटपट्टी हवामान स्थिर आहे या समजुतीवर आखलेली आहे. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून सोडलेले पाणी आणि अतिवृष्टी यांमुळे वैनगंगेला जो महापूर आला, त्याने भंडारा-गोंदियातील गावे पाण्याखाली गेली. तशा घटना वारंवार होऊ लागल्या तर त्या आकडेवारीच्या आतच येतील आणि कराराच्या दृष्टीने आपत्ती म्हणून उरणार नाहीत. तेव्हा नुकसानीचा भार कोणाकडे जाईल हे पंचवीस वर्षांच्या करारांत लिहिलेले नाही.

या सर्व जोखमी उघड मांडण्याची सक्ती आता काही प्रमाणात आली आहे. भांडवल बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने २०२१ साली व्यवसाय दायित्व व शाश्वतता अहवालाचा नमुना ठरवला आणि २०२२–२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना तो अनिवार्य केला. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये बँकांसाठी हवामानविषयक वित्तीय जोखमीच्या प्रकटीकरणाचा मसुदा काढला. तिरोड्याचा प्रकल्प २०२३ साली ज्या अदानी पॉवर कंपनीत विलीन झाला ती सेबीच्या या कक्षेत येते. गोंदियाच्या भातगिरण्या बहुतांशी भागीदारी किंवा कौटुंबिक मालकीच्या असल्याने त्या कक्षेबाहेर राहतात, आणि तलावांना तर ताळेबंदच नाही.

मामा तलावांतील गाळ काढण्याची कामे अलीकडे शासनाच्या गाळमुक्त धरण योजनेतून होतात आणि त्यांना कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचेही साहाय्य घेतले जाते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के या कामी खर्चावे लागतात. त्याखालच्या नियमांत एक अट आहे, ती अशी की कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले कोणतेही काम सामाजिक दायित्वात धरता येत नाही. तेव्हा वैनगंगेच्या खोऱ्यातील एखाद्या तलावावर या निधीतून पैसा घालणारी कंपनी, तो तलाव आपल्या धंद्याच्या संरक्षणासाठी दुरुस्त केला असे त्याच हिशेबात म्हणू शकत नाही. मालगुजाराच्या वहीत जी भांडवली गुंतवणूक होती, तिची नोंद आता देणगीच्या सदरात होते.